घागर ठेवल्याचा आवाज

त्या दिवशी पेवापाशी कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हंजे म्हातारीनं मनचं घातलं असं कुणी म्हणायला नको. आमचे भाया, म्हंजे मालकाचे थोरले भाऊ, बाजंवर बसलेले. आमचे मालक, हातात दोराचं टोक घेऊन. धाकटे दीर, कमरंला दोर बांधून, उतरायच्या तयारीत. हैदराबादकडून आलेले मोठे साहेब, पांढऱ्या केसाचे. तेंच्यासंगची मॅडम, पंचविशीची असंल, मशीनपुढं खुर्ची टाकून. आजूबाजूच्या गावचे दहा-बारा शेतकरी, मशीन बगायला आलेले. आन मी, दाराच्या चौकटीला टेकून, डोईवर पदर. एवढे होतो. तेच्यातले आता मी आन ती मॅडम अशा दोघीच उरलो असू, ती असंल तर. शेतकऱ्यांचं मला म्हाईत न्हाई.

मी तिसरीपतुर शिकले. आता डोळे गेले, म्हणून नात लिहायलीय आन मी सांगायलेय. ती मधी मधी म्हणती, आजी, पुस्तकात असं नसतं. मी म्हणलं, मी बोलते तसंच लिही बाई.

गाव आमचं बिदरकडं, निर्ण्याच्या अंगाला. घरापुढं पेव होतं. आजकालच्या पोरांना पेव म्हंजे काय ते कळत न्हाई. जिमिनीतलं कणगं समजा. तोंड एवढंसं, एक माणूस कसाबसा आत जाईल. पोट मोठं, आन खोल इतकं की तीन माणसं एकाच्या खांद्यावर एक हुबी ऱ्हातील. कन्नडात तेला हगेव म्हणतेत. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वरून परत कडबा, तेच्यावर फरशी, फरशीवर माती लिपायची. दोन-दोन वर्सं ज्वारी ऱ्हायची, किडा लागत नसे.

पर पेव माणूस खातं. आत ज्वारी जित्ती असती, ती श्वास घेती, असं सासूबाई म्हणायच्या. तिनं घेऊन सोडलेली हवा जड असती, ती वर येत न्हाई, दाण्यावर पाण्यावानी बसून ऱ्हाती. माणूस उतरला की आधी पाय जड होतेत, मंग डोळ्यापुढं अंधारी. वरड मारायलाबी सवड मिळत न्हाई.

आमच्या भायांचं पेवात नाव होतं. पार मन्नाएखेळ्ळीपतुरची माणसं तेंना बोलवायला यायची, अण्णा, आमचं पेव उघडायचंय, जरा येऊन सांगा. ते जायचे, कंदील सोडून बगायचे, सांगायचे. बाहेरगावी ते लईच जपायचे. दोन दोन दिवस पेव उघडं ठेवायला लावायचे, मंगच माणूस सोडायचे. घरच्या पेवाला मातर तेंना तेवढी वाट बगावी लागत नसे. तेचं कारण तेंनाबी म्हाईत नव्हतं, ते पुढं सांगते.

लगीन होऊन आले तवापासून मी भायांच्या पुढं कधी बोलले न्हाई. आमच्याकडं रीतच तशी. भाया आले की बाईनं पदर वढायचा, कडंला व्हायचं, बोलायचं काही असलं तर लेकराला म्होरं घालायचं. तेंनीबी माझ्याकडं बगायचं न्हाई. एका घरात वीस-बावीस वर्सं गेली, तेंनी माझा आवाज ऐकला नसंल.

पेव उघडलं की वरचा कडबा काढायचं काम बाईचं. सासूबाईनं मला पहिल्याच वर्षी हात धरून शिकवलं. फरशी सरकली की तोंडावर वाकायचं न्हाई, बाजूनं हात घालायचा. कडब्याचा खालचा थर हाताला गरम लागला, वला लागला, आन आंबिल नासल्यावानी वास आला, की समजायचं आत हवा बसलीय. पेव ज्वारीनं गच्च भरलेलं असतं तवा भ्या कमी. अर्धी काढून परत झाकलेलं पेव सगळ्यात वंगाळ, कारण हवंला बसायला जागा झाली. कंदील तोंडापाशी जळत ऱ्हातो आन खाली मरण असतं. दिवा पार दाण्याला टेकंस्तवर सोडायचा.

मी इचारलं, "मंग हे बाप्यांला कोण सांगायचं?"

सासूबाई म्हणल्या, "आपुन बोलायचं न्हाई. दाण्याच्या तोंडावर मरणाचं नाव बाईनं घेऊ न्हाई. सगळं नीट असलं तर पाण्याची घागर आणून फरशीवर ठेवायची. नीट नसलं तर ठेवायची न्हाई. तेंना कळतं."

तसंच चाललं. मी कडबा बगायची, नीट असलं की पितळंची घागर फरशीवर ठेवायची, ठण्ण आवाज व्हायचा, आन भाया म्हणायचे, "हां, उतर." धाकटे दीर उतरायचे. ज्या दिवशी मी घागर आणली न्हाई त्या दिवशी भाया म्हणायचे, "आज ऱ्हाऊ दे, बैलं धुवायची हायेत," न्हाईतर, "आज बाजार हाय." तेंनी कधी घागरीकडं बगून म्हणलं असं न्हाई. मला वाटायचं, तेंना म्हाईत हाय. लई उशिरानं मला कळलं की तेंना म्हाईतच नव्हतं. तेंना आपलं वाटायचं, आज नको. वाटतं, एवढंच.

तर ऐंशीच्या पुढचं साल असंल. दसरा झाला आन जीप आली. मोठे साहेब आन मॅडम. मॅडम साडी नेसलेली, केस कापलेले, मराठी येत नव्हती, हैदराबादी बोलायची. ती आपल्याला कळतीच. साहेबांनी भायांला सांगितलं की आमी एक मशीन बनवायलोत. डाक्टर मेला की तेचं डोकं तेच्यासंगं जातं. जाणता शेतकरी मेला की तेचंबी जातं. तर मरायच्या आधी तेच्या डोक्यातलं काढून मशीनमधी भरायचं. मंग ज्या गावात जाणता न्हाई तिथं मशीन सांगंल.

भाया लई खूश झाले. मिशीवरनं हात फिरवला.

धाकटे दीर थट्टेखोर. ते म्हणले, "अण्णा, तुमचं डोकं डब्यात गेल्यावर घरात काय उरंल?"

भाया म्हणले, "तुझ्यापरीस जास्तच उरंल. गप बस."

आठ दिवस ते दोघं आमच्या गावात ऱ्हायले. त्या सालात आमी पेवातली ज्वारी काढायलो होतो, म्हणून पेव मधी मधी उघडायचं. मॅडमकडं टेप होता. भायांच्या पुढं ठेवायची आन इचारायची, "अण्णा, कैसा मालूम होता तुमकू, आज उतरना करके?"

भाया सांगायचे, "कंदील सोडायचा. जळत ऱ्हायला तर उतरायचं."

"और?"

"आन तोंड उघडून दोन घटका झाल्या पाहिजेत."

"और, अण्णा?"

भाया मंग इचारात पडायचे. इतकं कुणी तेंना इचारलंच नव्हतं. मंग काहीबाही सांगायचे, वारा कुठला हाय, आभाळ कसं हाय. मॅडम समदं लिहून घ्यायची. जाड कागदाच्या चिठ्ठ्या होत्या तिच्याकडं, एकेकीवर एकेक गोष्ट. असं असंल तर तसं करा. तसं नसंल तर असं करा. त्या चिठ्ठ्या ती बाजंवर मांडायची, हलवायची, परत मांडायची.

दीर म्हणायचे, "वहिनी, बगा, अण्णाच्या डोक्यासंगं मॅडम रमी खेळायल्यात."

मी पदरात हसायची.

एकदा मॅडमनं घागरीकडं बोट केलं. "ये घागर कायकू रखते?"

भाया म्हणले, "प्यायला. उतरणाऱ्याला तहान लागती."

मॅडम हसली. ते तिनं लिहिलं न्हाई.

ती रोज माझ्या चुलीपाशी जेवायची. भाकरी कशी थापता, पीठ किती, पाणी किती, समदं इचारायची. माझ्या हातावर हात ठेवून तिनं थापून बगितली, तिच्या भाकरीचा नकाशा झाला, आमी दोघी लई हसलो. पर पेवाचं तिनं मला इचारलं न्हाई. मीबी सांगितलं न्हाई. मला वाटलं, भायांनी सांगितलंच असंल. थोरल्या माणसानं सांगितल्यावर मी मधी कामून बोलायचं. हे मी आता सांगायलेय तसं तवा सरळ मनात आलं नव्हतं. तवा मी भाकऱ्या करायलते, बस.

पुढच्या साली, दिवाळीच्या नंतर, ते मशीन घेऊन आले. लाकडाच्या पेटीत गवत घालून, नवरी आणावी तसं जपत दोघांनी उतरवलं. जीपमधनं वायर काढली, एक यंतर घरघरायला लागलं, आन डब्याच्या काचंवर हिरवी अक्षरं उमटली. आलेले शेतकरी समदे भवताली हुबे. साहेबांनी सगळ्यांना एकेक कागद वाटला. मशीनमधल्या गोष्टी तेच्यावर छापलेल्या, एका अंगाला कन्नड, दुसऱ्या अंगाला मराठी. पेवात कवा उतरावं, कवा न्हाई. वर पेवाचं चित्र आन भायांचं नाव. भायांनी तो कागद घडी करून टोपीत ठेवला.

दोन आठवड्याआधी आमी पेव उघडून अर्धी ज्वारी काढली होती आन परत झाकलं होतं. तेच पेव मशीनला इचारायचं ठरलं.

फरशी सरकवली. मी कडबा काढायला गेले. हात घातला आन हात तसाच ऱ्हायला. खालचा थर गरम. वला. वास असा की जीभ आंबट झाली.

मी कडबा काढून मागं आले. घागर चुलीपाशी भरलेली होती. मी ती उचलली न्हाई. दाराला येऊन हुबी ऱ्हायले.

दोन घटका गेल्या आन साहेबांनी कंदील सोडायला लावला. हातभर दोरानं सोडला, जळत ऱ्हायला. मॅडम मशीनपुढं बसली. मशीन इचारायलं आन ती मोठ्यानं वाचायली. तोंड उघडून किती वेळ झाला? दोन घटका. दिवा विझला का? न्हाई. आभाळ कसं हाय? उघडं. टक टक टक बटनं दाबली. मंग अक्षरं आली आन मॅडम म्हणली, "बोलती, उतर सकते."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा म्हणला, "अण्णा, तुमीच बसलाव की हो डब्याच्या आत!"

भाया बाजंवरनं म्हणले, "हां, उतर."

घागर नव्हती, तरी म्हणले. इतक्या वर्सात पहिल्यांदा.

दीर तोंडापाशी बसले, पाय आत सोडले. तेंनी माझ्याकडं बगितलं. म्हणले, "वहिनी, घागर कुठाय? तहान लागंल की."

मी मान आडवी हालवली. पदर पुढं वढलेला, तेंना दिसली का न्हाई, म्हाईत न्हाई.

ते हसले. "आज समदे डब्याला बगायलेत. पाणी कोण आणतंय!" आन उतरले.

माझ्या जिवाला हे लागून ऱ्हायलंय. एक शब्द होता. 'नको' एवढाच. भाया समोर बसलेले, गावोगावची माणसं, साहेब. पर तेवढंच नव्हतं, खरं सांगते. माझ्या मनात आलं की एवढे शिकलेले लोक, एवढं मशीन, तेला माझ्या हातापरीस जास्त कळत असंल. माझाच हात चुकला असंल. बाईचा हात, भाकरी थापायचा.

खालून आधी तेंचा आवाज आला. "टोपली सोडा!" टोपली सोडली. मंग काही न्हाई. मालकांनी दोर हालवला. खालून दोर हालंना. मालक म्हणले, "अरे ए!" काही न्हाई.

मंग मी वरडले. "वढा! वढा तेंना! हवा बसलीय आत!"

भायांनी माझ्याकडं बगितलं. बावीस वर्सात पहिल्यांदा. मी पदर सोडून पळत जाऊन दोराला हात घातला. मी, मालक, मॅडमबी आली, आमी तिघांनी वढलं, मंग बाकीची माणसं आली. कमरंला दोर होता म्हणून वर आले. व्हट निळे. डोळे उघडे. तोंडावर ज्वारी.

जीपमधी घालून बिदरला नेलं. मशीन तसंच अंगणात घरघरत ऱ्हायलं, काचंवर तीच हिरवी अक्षरं. ते बंद कसं करायचं कुणाला म्हाईत न्हाई. शेवटी एकानं वायर वढली.

दीर वाचले. वाचले म्हणायचं. बारा दिवसांनी घरी आले तवा डावा हात थरथरायचा आन शब्द सापडायचे न्हाईत. बैलाला बैल म्हणायचं सुचायचं न्हाई, बोट दाखवायचे. मला कधी वहिनी म्हणायचे, कधी आई. थट्टा गेली. तेंच्या बायकोनं लई सोसलं, तिचं मी काय सांगू, ती असती तर तिनंच सांगितलं असतं.

भायांनी पेवात धोंडे भरून टाकले. मला काही म्हणले न्हाईत. मालकांला एकदा म्हणले, मी चुलीपाशी होते, ऐकू आलं. "तिला कळत होतं तर आधी बोलायला काय झालतं?"

मी काय बोलायचं होतं? तुमच्याच घरात शिकले म्हणावं, तर तेबी बोलायची चोरी.

म्हैनाभरानं मॅडम एकलीच आली, यष्टीनं. डोळे खोल गेलेले. चुलीपाशी बसली आन पिशवीतनं टेप काढला. म्हणली, "अक्का, सुनो."

टेपात भायांचा आवाज. कोंबडं आरवलेलं. मंग ठण्ण. मंग भाया, "हां, उतर." तिनं पुढं सरकवलं. दुसरा दिवस. माणसांची बोलणी, परत ठण्ण, परत "हां, उतर." तिसऱ्या ठिकाणी लई वेळ काहीच न्हाई. नुसता वारा. आन भाया, "आज ऱ्हाऊ दे, बैलं धुवायची हायेत."

तिनं टेप बंद केला. म्हणली, "मैं आठ दिन टेप की. सब मेरे पास था. तुम रखे तो वो हां बोलते. उस दिन तुम घागर नै रखे, अक्का. कायकू?"

मंग मी सांगितलं. गरम कडबा, वला थर, आंबट वास, अर्धं पेव, दिवा पार दाण्याला टेकवायचा. सगळं. ती लिहीत होती आन रडत होती, कागदावर पाणी पडायलं. मी म्हणलं, "रडू नको बाई, शाई पसरंल."

ती म्हणली, "तुम कब्बी बोले नै."

मी म्हणलं, "तू इचारलं न्हाईस."

दोघींचंबी खरंच होतं.

भाया तवा बाहेर बाजंवर होते. भित आडवी होती. तेंना ऐकू गेलं असंल. तेंनी त्या दिवशी खाकरून मला गप केलं न्हाई, एवढं मातर झालं.

मंग तिनं मला आन मालकाला संगं घेतलं आन वाटलेले कागद परत गोळा करायला आमी तीन-चार गावं फिरलो. काहींनी दिले. एकजण म्हणला, "छापलेलं हाय, बाई सांगती म्हणून फाडायचं का?" एकाच्या घरी तो कागद देवाच्या फोटूपाशी लावलेला, हळदकुंकू वाहिलेलं. तो काढू देईना. काहीजण बाहेरगावचे होते, ते कुठले ते कुणाला म्हाईत न्हाई. ते कागद ऱ्हायले.

मॅडमचं एक पत्र आलं, हिंदीत. मालकांनी वाचलं. साहेबांनी ते काम बंद केलं, मशीन दुसऱ्या कामाला नेलं. तुमचं सांगणं मी चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलंय, कवातरी घालीन, असं लिहिलं होतं. पुढं काही कळलं न्हाई. मी तिला दोष देत न्हाई. ती आली तरी परत. मोठे साहेब आले न्हाईत.

दीर अजून नऊ वर्सं जगले. दारापुढं बसून ऱ्हायचे, जेवायला बोलवलं तर हालायचे न्हाईत. मंग एकदा मी तेंच्या बाजूला पाण्याची घागर ठेवली, फरशीवर, ठण्ण झालं. ते उठले आन आत गेले. मंग रोज तसंच करावं लागलं. जेवायला, झोपायला, दवाखान्याला जायला. आवाज झाल्याबिगर ते पाऊल टाकत नसत. घागरीचं बूड चेपलं त्या नऊ वर्सांत. अजून घरात हाय. पाणी गळतं, नात म्हणती मोडीत द्या.

आता नात सांगती की परत तशी मशीनं आलीत, बोलतेतबी म्हणं, आन माणसांनी लिहिलेलं, बोललेलं समदं तेंच्यात घालायलेत. मी म्हणलं, मंग हे लिही.

पेवं आता कुणी करत न्हाई. पर जुन्या हिरी हायेत, गोबरगॅसचे खड्डे हायेत, गटाराच्या टाक्या हायेत. तिथं तीच हवा बसती. दर साली कुणीतरी उतरतं आन वर येत न्हाई.

तर वाचणाऱ्याला माझं मागणं हाय. तुमच्या घरी, आज्याच्या पेटीत, कुठल्या आफिसच्या फडताळात तो कागद सापडला, एका अंगाला कन्नड, एका अंगाला मराठी, वर पेवाचं चित्र, तर तेच्यावर भरवसा ठेवून कुठंबी उतरू नका. फाडू वाटलं न्हाई तर फाडू नका, पर तेच्याखाली पेनानं एवढं लिहा: अर्धं रिकामं करून परत झाकलेल्या खड्ड्यात, वर दिवा जळत असला तरी, उतरायचं न्हाई. आन उतरायच्या आधी त्या घरातल्या बाईला बाजूला नेऊन इचारा.